कार्यालयाच्या नेटवर्कवरील अंतर्गत ट्रॅफिकला वेगमर्यादा कशी घालावी

कार्यालयातील एक संगणक फाइल सर्व्हरवर २०० गिगाबाइटांचा बॅकअप पाठवू लागतो, त्याच वेळी इतरांच्या फाइली उघडायला वेळ लागू लागतो आणि नेटवर्कवरून चालणाऱ्या फोनवर आवाज तुटू लागतो. अशा वेळी नेटवर्कची जबाबदारी नुकतीच अंगावर आलेली व्यक्ती राउटरच्या व्यवस्थापन पानावर जाते आणि त्या संगणकाच्या आयपी पत्त्यावर ५० मेगाबिटची मर्यादा घालते. नियम नोंदला जातो, त्या संगणकावर इंटरनेटचा वेग मोजला तर तो ५० च्या आसपासच दिसतो, पण बॅकअप मात्र पूर्वीइतक्याच वेगाने चालू राहतो. मी स्वतः या कामाला नवा असताना एक पूर्ण दिवस याच कोड्यात घालवला होता. नियमात काहीच चूक नव्हती, तो चुकीच्या ठिकाणी घातला होता.

याचे कारण असे की एकाच सबनेटमधील (म्हणजे आयपी पत्त्यांच्या एकाच गटातील) दोन उपकरणे एकमेकांशी बोलताना राउटरला मध्ये घेत नाहीत. पाठवणारा संगणक समोरचा आयपी पत्ता आपल्याच सबनेटमध्ये आहे हे पाहतो, एआरपी या पद्धतीच्या साहाय्याने त्याचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता, विचारून घेतो आणि फ्रेम (माहितीचा तुकडा) थेट त्या मॅक पत्त्यावर पाठवतो. स्विच, म्हणजे उपकरणांच्या केबली जेथे एकत्र येतात तो डबा, आपल्या मॅक तक्त्यात पाहून ती फ्रेम योग्य पोर्टमधून (केबलच्या खाचेतून) बाहेर काढतो. या सगळ्या प्रवासात राउटरच्या प्रोसेसरपर्यंत काहीच पोहोचत नाही, त्यामुळे तेथे लिहिलेली मर्यादा लागू होण्याचा प्रश्नच येत नाही. राउटर आणि स्विच एकाच डब्यात असले तरीही हेच घडते, कारण त्या डब्यातील लॅन पोर्ट आतल्या स्विच चिपला जोडलेले असतात आणि त्यांच्यातील ट्रॅफिक ती चिपच परस्पर हाताळते. म्हणून अंतर्गत मर्यादेचे काम आकड्यापासून सुरू करू नये. ट्रॅफिक कोणत्या वाटेने जाते हे आधी शोधावे आणि त्या वाटेवर जेथे आपला हात पोहोचतो तेथे मर्यादा घालावी.

पहिली पायरी : खरोखर नेटवर्कच भरले आहे का, हे मोजावे

मोजण्यापूर्वी एककांचा गोंधळ मिटवून घ्यावा. स्विच, राउटर आणि इंटरनेट सेवा पुरवणारे वेग बिटमध्ये सांगतात, तर फाइल कॉपी करताना दिसणारी खिडकी तो बाइटमध्ये दाखवते; एका बाइटमध्ये ८ बिट असतात. १ गिगाबिटच्या दुव्यावरून (म्हणजे दोन उपकरणांना जोडणाऱ्या केबलवरून) सैद्धांतिकदृष्ट्या सेकंदाला १२५ मेगाबाइट जाऊ शकतात, पण प्रत्येक पॅकेटवर पत्ते वगैरे लिहिणाऱ्या हेडरांचा भार वजा जाता नेहमीच्या १,५०० बाइटांच्या पॅकेटांनी टीसीपी या माहिती पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीवर साधारण ९४० मेगाबिट, म्हणजे सुमारे ११७ मेगाबाइट मिळतात. १०० मेगाबिटच्या दुव्यावर हाच आकडा ११ ते १२ मेगाबाइट असतो. हे दोन आकडे पाठ असलेले बरे, कारण कॉपी नेमकी ११ मेगाबाइटांवर अडकलेली दिसली तर बहुधा केबलमध्ये दोष असतो. गिगाबिटला केबलमधील चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. त्यामुळे एक जोडी तुटली की अनेकदा दुवा गुपचूप १०० वर उतरतो. अशा दुव्यावर मर्यादांचा विचार करण्याऐवजी केबल बदलावी.

मोजण्यासाठी आयपर्फ ३ हे मोफत साधन पुरेसे आहे. एका संगणकावर ते सर्व्हर म्हणून सुरू करावे, दुसऱ्यावर क्लायंट म्हणून चालवावे. काहीही न बदलल्यास ते ५२०१ क्रमांकाच्या पोर्टवर (हा स्विचवरचा पोर्ट नव्हे, संगणकातील सॉफ्टवेअरचा क्रमांकित दरवाजा) काम करते, त्यामुळे फायरवॉलमध्ये तेवढा पोर्ट तात्पुरता खुला ठेवावा लागतो. साध्या चाचणीत क्लायंटकडून सर्व्हरकडे माहिती जाते. उलट दिशा मोजण्यासाठी उणे चिन्हापुढे मोठ्या लिपीतील आर हा पर्याय द्यावा. दोन्ही दिशांचे आकडे वेगवेगळे लिहून ठेवावेत, कारण पुढे मर्यादाही प्रत्येक दिशेला वेगळीच लागणार आहे. आयपर्फ चकतीला (हार्ड डिस्कला) हातच लावत नाही, स्मृतीतून स्मृतीत माहिती पाठवते, हा त्याचा मोठा उपयोग आहे. आयपर्फवर ९४० मेगाबिट मिळतात, पण हजारो छोट्या फाइलींची कॉपी सेकंदाला ५ मेगाबाइटांनी चालते, असे दिसले तर अडथळा सर्व्हरच्या फिरत्या चकतीत किंवा प्रत्येक फाइल उघडण्या-बंद करण्याच्या वेळात आहे. तेथे एखाद्या संगणकाचा वेग कमी केल्याने चकतीवरचा ताण थोडा हलका होईल, पण मूळ दुखणे तसेच राहील.

यानंतर गर्दीच्या वेळी स्विचच्या पोर्टांवरील गणक पाहावेत. बहुतेक व्यवस्थापित स्विच प्रत्येक पोर्टवरून आत आलेले आणि बाहेर गेलेले बाइट दाखवतात. एसएनएमपी या उपकरणांची आकडेवारी वाचण्याच्या पद्धतीने ही माहिती गोळा करताना ६४ बिटांचे गणक निवडावेत. ३२ बिटांचा गणक १ गिगाबिटच्या भरलेल्या पोर्टवर सुमारे ३४ सेकंदांतच पूर्ण फिरून शून्यावर येतो, आणि दर पाच मिनिटांनी त्याची नोंद घेणाऱ्या साधनात भरलेला पोर्टही निवांत दिसतो. या चुकीच्या आलेखावर विश्वास ठेवून अनेकांनी चुकीचे यंत्र पकडलेले मी पाहिले आहे.

दुसरी पायरी : वाट कागदावर काढावी

एक कोरा कागद घ्यावा. त्यावर प्रत्येक स्विच, स्विचांना जोडणारा प्रत्येक दुवा, राउटर, वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट, सर्व्हर आणि ज्या उपकरणांविषयी तक्रार आहे ती उपकरणे काढावीत, आणि प्रत्येक रेघेवर त्या दुव्याचा वेग लिहावा. मग त्रासदायक ट्रॅफिक ज्या रेघांवरून जाते त्या रंगीत पेन्सिलीने जाड कराव्यात. हे काम शाळकरी वाटले तरी टाळू नये. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक प्रश्नांचे उत्तर या कागदावरच मिळते.

कागदावर साधारण चार प्रकारची चित्रे दिसतात. पहिल्यात दोन्ही उपकरणे एकाच स्विचवर असतात. येथे चांगला स्विच सर्व पोर्टांना एकाच वेळी पूर्ण वेग देऊ शकतो, त्यामुळे त्रास फक्त त्या पोर्टवर होतो जिकडे अनेकांचा ओघ एकत्र येतो, आणि तो बहुधा सर्व्हरचा पोर्ट असतो. दुसऱ्या चित्रात उपकरणे दोन वेगळ्या स्विचांवर असतात आणि मधल्या एकाच १ गिगाबिटच्या दुव्यावरून पलीकडच्या वीस-पंचवीस संगणकांचे सर्व ट्रॅफिक जाते. गर्दीचे हे सर्वांत नेहमीचे ठिकाण आहे. तिसऱ्यात उपकरणे वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचांवर आखलेल्या वेगळ्या आभासी नेटवर्कांमध्ये, असतात, त्यामुळे त्यांच्यातील ट्रॅफिक राउटरमधून किंवा राउटरचे काम करणाऱ्या लेयर ३ स्विचमधून जावेच लागते. चौथ्या चित्रात एखादे उपकरण वाय-फायवर असते, आणि तेथे केबलचे नियम बऱ्याच अंशी बदलतात.

दुसरे चित्र दिसले, तर मर्यादा घालण्याआधी दोन स्विचमधील दुवा वाढवता येतो का, याचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. स्विचांवर १० गिगाबिटचे पोर्ट रिकामे असतील तर दुवा त्यांवर हलवावा. नसतील तर दोन दुवे एकत्र बांधता येतात. मात्र असे बांधलेले दुवे एकाच जोडणीचा (दोन उपकरणांमधील एका संवादाचा) वेग दुप्पट करत नाहीत. स्विच पत्त्यांवरून हिशेब करून प्रत्येक जोडणी एका केबलवर टाकतो, त्यामुळे एकच मोठा बॅकअप १ गिगाबिटपुढे जाणार नाही, पण तो इतरांची केबलही अडवणार नाही अशी शक्यता वाढते.

तिसरी पायरी : आकडा ठरवावा

मर्यादेचा आकडा मनाला येईल तसा निवडू नये. काम किती वेळात पूर्ण व्हायला हवे, यावरून तो काढावा. वरच्या उदाहरणातील २०० गिगाबाइटांचा बॅकअप गिगाबिटच्या पूर्ण वेगाने सुमारे २८ मिनिटांत संपतो; ३०० मेगाबिटच्या मर्यादेत त्याला दीड तास लागतो आणि १०० मेगाबिटच्या मर्यादेत जवळपास साडेचार तास. बॅकअप रात्रभर चालू शकत असेल तर १०० मेगाबिटही पुरेसे आहेत, आणि तो सकाळी कार्यालय उघडण्यापूर्वी संपत असेल तर मर्यादेची गरजच उरत नाही. कामाची वेळ बदलता येत असेल तर मर्यादेपेक्षा तो उपाय नेहमीच चांगला आहे.

फोनच्या तक्रारीचा विचार मात्र निराळा करावा. जी ७११ या आवाज पाठवण्याच्या पद्धतीच्या एका संभाषणाला इथरनेटवर प्रत्येक दिशेला साधारण ८७ किलोबिट लागतात; म्हणजे एकाच वेळी वीस संभाषणे चालली तरी दोन मेगाबिटसुद्धा भरत नाहीत. फोनला जागा कमी पडत नाही. त्याची छोटी पॅकेटे बॅकअपच्या मोठ्या रांगेमागे अडकतात आणि उशिरा पोहोचतात. अशा वेळी बॅकअपला मर्यादा घालण्यापेक्षा स्विचमध्ये फोनच्या ट्रॅफिकला अग्रक्रमाची रांग देणे अधिक योग्य आहे. बहुतेक आयपी फोन आवाजाच्या पॅकेटांवर डीएससीपी ४६ ही अग्रक्रमाची खूण आपणहून घालतात, आणि स्विचला त्या खुणेवर विश्वास ठेवायला सांगणे एवढेच काम अनेकदा उरते.

चौथी पायरी : मर्यादेची जागा निवडावी

निवडीचा मुख्य नियम असा की मर्यादा शक्य तितकी पाठवणाऱ्याच्या जवळ असावी. पॅकेट दोन स्विचमधील दुवा ओलांडून गेल्यावर सर्व्हरच्या दाराशी टाकून दिले, तर त्या दुव्यावरची जागा त्याने आधीच खाल्लेली असते आणि गर्दीत काहीच फरक पडत नाही.

सर्वांत जवळची जागा म्हणजे माहिती पाठवणारा कार्यक्रम (प्रोग्राम) स्वतः. बॅकअपच्या बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये वेगमर्यादेचा आणि वेळापत्रकाचा पर्याय असतो आणि तो इतर सर्व उपायांआधी पाहावा, कारण येथे कार्यक्रम स्वतःच हळू पाठवतो, एकही पॅकेट वाया जात नाही आणि त्या संगणकावरील इतर कामांना धक्का लागत नाही. आरसिंक हे फाइली कॉपी करण्याचे साधन वापरत असल्यास बीडब्ल्यूलिमिट हा पर्याय आहे. नुसता आकडा दिला तर तो सेकंदाला १,०२४ बाइटांच्या किलोबाइटांत धरला जातो, म्हणून २५,००० लिहिल्यास सुमारे २०५ मेगाबिट मिळतात. एससीपी या दुसऱ्या कॉपीच्या साधनात उणे चिन्हापुढे छोट्या लिपीतील एल हा पर्याय आहे, पण तेथे आकडा किलोबिटमध्ये धरला जातो. दोन्ही साधने शेजारी-शेजारी वापरणाऱ्यांची येथे आठपट चूक होते. विंडोजच्या रोबोकॉपी या कॉपीच्या साधनामध्ये आयपीजी नावाचा पर्याय पॅकेटांमध्ये मिलिसेकंदांची विश्रांती घालतो. त्यात थेट वेग सांगता येत नाही, म्हणून आकडा बदलून पुन्हा मोजावे लागते. फाइल सर्व्हर विंडोजचा असल्यास २०१२ आर२ आवृत्तीपासून एसएमबी (विंडोजची फाइली वाटण्याची पद्धत) बँडविड्थ लिमिट नावाचे वैशिष्ट्य जोडता येते आणि पॉवरशेलमधून त्याचा आकडा देता येतो, तोही बाइट प्रति सेकंदात.

कार्यक्रमात सोय नसेल तर ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळावे. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्त्यांत ग्रुप पॉलिसी संपादकात संगणकाच्या संरचनेखाली (कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन), विंडोज सेटिंग्ज या भागात, पॉलिसीवर आधारित क्यूओएस, म्हणजे ट्रॅफिकला अग्रक्रम आणि मर्यादा लावण्याची सोय, सापडते. नवे धोरण तयार करताना त्यात बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकची मर्यादा किलोबाइट किंवा मेगाबाइटमध्ये लिहिता येते, आणि ती एखाद्या ठरावीक कार्यक्रमापुरती किंवा गंतव्याच्या पत्त्यापुरती ठेवता येते. आपल्याला फक्त अंतर्गत ट्रॅफिक रोखायचे असल्याने हा दुसरा पर्याय फार मोलाचा आहे, कारण गंतव्य म्हणून फाइल सर्व्हरचा पत्ता लिहिला की इंटरनेट मोकळे राहते. लिनक्समध्ये हेच काम टीसी या साधनाने होते. साध्या गरजेसाठी, म्हणजे सगळ्याला एकच मर्यादा असेल तर, टोकन बकेटची रांग पुरते, आणि पत्त्यांनुसार वेगवेगळे वर्ग हवे असतील तर एचटीबी ही वर्गवार रांग घ्यावी. दोन्हीकडे एकच अट आहे : ही मर्यादा बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकवरच नीट चालते. संगणक सर्व्हरवरून जे ओढून घेतो ते रोखायचे असेल, तर पाठवणारा सर्व्हर आहे हे लक्षात घेऊन मर्यादा सर्व्हरवर घालावी.

स्विचच्या पोर्टवर मर्यादा

प्रत्यक्षात बहुतेक नवखे येथेच येऊन थांबतात, कारण कॅमेरा, मुद्रणयंत्र किंवा दुसऱ्या विभागाचा संगणक यांच्या आत आपल्याला शिरता येत नाही, पण स्विच आपल्या ताब्यात असतो. त्यासाठी स्विच व्यवस्थापित किंवा निदान वेब पानावरून रचना बदलता येणारा असावा लागतो. ज्याला असे पानच नाही त्या साध्या स्विचमध्ये ही सोय नसते आणि कोणतेही बाहेरचे सॉफ्टवेअर ती आणू शकत नाही.

व्यवस्थापन पानावर क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल अशा नावाखाली प्रत्येक पोर्टसमोर इनग्रेस आणि एग्रेस असे दोन रकाने असतात, आणि येथे दिशेची गल्लत हमखास होते. स्विच आपल्या बाजूने बोलतो. इनग्रेस म्हणजे स्विचमध्ये शिरणारे, म्हणजेच त्या पोर्टवरील उपकरण जे पाठवते ते; एग्रेस म्हणजे स्विचमधून बाहेर पडणारे, म्हणजेच उपकरणाला जे मिळते ते. बॅकअप पाठवणाऱ्या संगणकाला आवरायचे तर त्याच्या पोर्टवर इनग्रेसची मर्यादा हवी. पोर्ट क्रमांक डोळ्यांनी खात्री करूनच निवडावा : मॅक तक्त्यात त्या संगणकाचा पत्ता कोणत्या पोर्टसमोर आहे ते पाहावे, आणि त्याच पोर्टसमोर आणखी पत्ते दिसत असतील तर तेथे दुसरा स्विच किंवा ॲक्सेस पॉइंट जोडलेला आहे असे समजावे. अशा पोर्टवर घातलेली १०० मेगाबिटची मर्यादा पलीकडच्या सगळ्यांना मिळून लागते, प्रत्येकाला वेगळी नाही.

आता मर्यादा प्रत्यक्षात काम कशी करते ते थोडे सविस्तर पाहू, कारण ते कळले नाही तर पुढची विचित्र लक्षणे समजत नाहीत. दोन पद्धती आहेत. शेपिंगमध्ये जादा पॅकेटे रांगेत थांबवून ठरलेल्या वेगाने सोडली जातात, तर पोलिसिंगमध्ये ती सरळ टाकून दिली जातात. स्विचच्या इनग्रेसवर बहुतेक वेळा पोलिसिंगच असते. टीसीपी हरवलेले पॅकेट म्हणजे गर्दीची खूण समजून आपला वेग बराच कमी करते आणि मग हळूहळू वाढवते. त्यामुळे पोलिसिंगखाली वेगाचा आलेख करवतीच्या दातांसारखा वर-खाली होतो आणि सरासरी ठरवलेल्या आकड्याखालीच राहते. हा तोटा किती होईल हे बर्स्टच्या आकड्यावर अवलंबून असते. बर्स्ट म्हणजे मर्यादा क्षणभर ओलांडून किती बाइट एका दमात जाऊ द्यायचे, याची मुभा. आजची नेटवर्क कार्डे ६४ किलोबाइटांपर्यंतचा तुकडा दुव्याच्या पूर्ण वेगाने सोडू शकतात. बर्स्ट १६ किलोबाइटांचा ठेवला तर त्या तुकड्याचा मोठा भाग दरवेळी वाया जातो, आणि १०० मेगाबिटची मर्यादा घातलेल्या संगणकाला प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. असे लक्षण दिसले की वेगाचा आकडा न वाढवता बर्स्ट टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि प्रत्येक टप्प्यावर आयपर्फने मोजावे.

पोर्टच्या फ्लो कंट्रोल या खुणेकडेही लक्ष द्यावे. ती चालू असल्यास काही स्विच पॅकेट टाकून देण्याऐवजी पाठवणाऱ्याला थोडे थांबण्याची सूचना पाठवतात. एकट्या संगणकाच्या पोर्टवर हे सोयीचे ठरू शकते, कारण पॅकेटे वाया जात नाहीत. पण दोन स्विचमधील दुव्यावर अशी सूचना गेली तर पलीकडचा स्विच सगळ्यांचेच ट्रॅफिक थांबवतो, अगदी फोनचेसुद्धा. म्हणून स्विचांना जोडणाऱ्या पोर्टांवर मी ती खूण नेहमी बंद ठेवतो.

पोर्टवरील साध्या मर्यादेचा मोठा दोष असा की तिला अंतर्गत आणि बाहेरचे ट्रॅफिक यांतला भेद कळत नाही. संगणकाचे इंटरनेटही त्याच मर्यादेत येते. भेद करायचा असल्यास स्विचमध्ये गंतव्याच्या पत्त्यावरून ट्रॅफिक ओळखून फक्त त्या वर्गावर पोलिसिंग लावण्याची सोय असावी लागते, आणि ती वरच्या श्रेणीच्या स्विचांमध्येच मिळते. तेथे आधी ओळखण्याची यादी, मग त्या यादीवरून वर्ग, वर्गावर धोरण आणि शेवटी ते धोरण पोर्टवर, असा क्रम असतो. धोरण तयार करून पोर्टवर लावायला विसरणे ही येथली नेहमीची चूक आहे.

पोर्टचा वेगच हाताने १०० मेगाबिटवर ठरवून देणे हा सर्वांत ओबडधोबड उपाय आहे. कॅमेरा किंवा मुद्रणयंत्र यांसारख्या उपकरणांना तो चालतो. मात्र वेग फक्त एका टोकाला सक्तीचा केला आणि दुसरे टोक आपोआप ठरवणारे राहिले, तर दुसरे टोक हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने चालणाऱ्या पद्धतीवर) जाऊन टकरी आणि चुका सुरू होऊ शकतात. म्हणून स्विचमध्ये सोय असेल तर आपोआप ठरवण्याची पद्धत चालू ठेवून, जाहीर होणाऱ्या वेगांमधून फक्त १ गिगाबिट काढून टाकावा.

व्हीलॅन वेगळे करून राउटरवर मर्यादा

अनेक उपकरणांना वेगवेगळ्या मर्यादा हव्या असतील, दिवसा एक आणि रात्री एक आकडा हवा असेल, किंवा फक्त फाइल सर्व्हरकडे जाणारे ट्रॅफिक मोजूनमापून सोडायचे असेल, तर सर्व्हर एका व्हीलॅनमध्ये आणि वापरकर्ते दुसऱ्यात ठेवावेत. आता त्यांच्यातील प्रत्येक पॅकेट राउटरमधून जाणे भाग पडते, आणि सुरुवातीच्या उदाहरणात निरुपयोगी ठरलेला नियम येथे काम करू लागतो. राउटरवर शेपिंग करता येते, त्यामुळे वेग स्विचच्या तुलनेत अधिक स्थिर राहतो. रांग मात्र फार लांब ठेवू नये, नाहीतर त्याच संगणकाची छोटी कामेही मोठ्या कॉपीमागे खोळंबतात. अशी खोळंबा टाळणारी एफक्यू कोडेल प्रकारची रांग उपलब्ध असेल तर तीच निवडावी.

हा मार्ग घेताना चार गोष्टी तपासाव्यात. दोन व्हीलॅनांमधील राउटिंग (एकातून दुसऱ्यात पॅकेटे नेण्याचे काम) लेयर ३ स्विच करत असेल, तर ट्रॅफिक पुन्हा तेथूनच वळते आणि राउटरपर्यंत येत नाही. अशा वेळी मर्यादा त्या स्विचवरच घालावी लागेल. राउटरची ताकद पुरेशी आहे का हेही पाहावे, कारण आतापर्यंत फक्त इंटरनेटचे काही मेगाबिट हाताळणाऱ्या लहान राउटरला आता अंतर्गत शेकडो मेगाबिट पेलायचे आहेत, आणि त्याचा प्रोसेसर थकला तर सगळ्यांचेच काम मंदावेल. तिसरी गोष्ट शॉर्टकटांची. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरांवरील राउटरओएसमध्ये फास्टट्रॅकचा (ट्रॅफिक झटपट पुढे सोडण्याचा) नियम चालू असेल तर ते ट्रॅफिक सिंपल क्यू (तेथील मर्यादांची यादी) टाळून निघून जाते, आणि ब्रिजमधील, म्हणजे एकाच गटात जोडलेल्या, पोर्टांवर हार्डवेअर ऑफलोड (काम थेट स्विच चिपकडे सोपवणे) चालू असेल तर एकाच ब्रिजमधील ट्रॅफिक प्रोसेसरला दिसतच नाही. शेवटी नियमांचा क्रम पाहावा. सिंपल क्यूमध्ये वरचा जुळणारा नियम आधी पकडतो, त्यामुळे इंटरनेटसाठी लिहिलेला जुना नियम वर असेल तर अंतर्गत ट्रॅफिकही त्यात अडकते. अंतर्गत पत्त्यांचा नियम वर ठेवावा, १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्यांपैकी आपण जे वापरतो ते यादीत नीट लिहावेत.

मर्यादा आयपी पत्त्यावर अवलंबून असेल तर त्या उपकरणासाठी डीएचसीपीमध्ये (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेत) पत्ता राखून ठेवावा, अन्यथा काही दिवसांनी ती मर्यादा भलत्याच संगणकाला लागेल. मोबाइल फोनांबाबत हेही पुरत नाही, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वाय-फायवर मूळ मॅक पत्त्याऐवजी बनवलेला पत्ता वापरतात. सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये गेल्यावर तो शेजारच्या संगणकांच्या यादीत आपोआप दिसणे बंद होते, कारण उपकरणे आपली हजेरी ज्या घोषणांनी कळवतात त्या व्हीलॅनची सीमा ओलांडत नाहीत. वापरकर्त्यांना त्याचे नाव किंवा पत्ता देऊन जोडणी आधीच करून ठेवावी.

वाय-फायवरील उपकरणे

बहुतेक व्यवस्थापित ॲक्सेस पॉइंट प्रत्येक उपकरणाला किंवा संपूर्ण नेटवर्क नावाला वेगमर्यादा देऊ शकतात, आणि वाय-फायवरचे सगळेच ट्रॅफिक त्यांच्यामधून जात असल्याने ती अंतर्गत कामालाही लागते. मात्र हवेतील (रेडिओ लहरींवर बोलण्याची) वेळ सर्वांमध्ये वाटलेली असते. दूरवर बसलेला, क्षीण संकेत मिळणारा लॅपटॉप २० मेगाबिटच्या मर्यादेतही जवळच्या लॅपटॉपपेक्षा हवेतील किती तरी जास्त वेळ व्यापतो. मोठ्या फाइली हलवणारा संगणक केबलवर आणणे हा येथला खरा उपाय आहे.

एका गोष्टीपासून कळकळीने सावध करावेसे वाटते. कोणत्याही संगणकावर बसून इतरांचा वेग कमी करून देणारी काही साधने मोफत मिळतात. ती खोटी एआरपी उत्तरे पाठवून सर्वांचे ट्रॅफिक आपल्याकडे वळवतात. हा नेटवर्कवरील हल्लाच आहे. तो संगणक बंद पडला की इतरांची जोडणी तुटते, आणि मधल्या काळात सहकाऱ्यांची माहिती त्याच्यातून जात असते. नेटवर्कच्या व्यवस्थापकानेही ही साधने वापरू नयेत.

पाचवी पायरी : लावावे, मोजावे, नोंदवावे

बदल करण्यापूर्वी स्विचच्या किंवा राउटरच्या रचनेची प्रत उतरवून ठेवावी. शक्यतो एका वेळी एकाच उपकरणाला मर्यादा लावावी आणि ज्याच्या संगणकाला ती लागणार आहे त्याला आधी सांगावे. दुसऱ्या दिवशी कॉपी का मंदावली याचा शोध घेण्यात त्याचा वेळ जाऊ नये, हा साधा सौजन्याचा भाग आहे. मग पहिल्या पायरीतील तीच चाचणी दोन्ही दिशांनी पुन्हा करावी. १०० मेगाबिटच्या मर्यादेत ९० ते ९५ मिळाले तर काम बरोबर झाले. ९४० च मिळाले तर ट्रॅफिक आपल्या मर्यादेजवळून जातच नाही, म्हणून पुन्हा कागदाकडे जावे. ३०-४० मिळाले तर बर्स्ट पाहावा. आणि उलट दिशेलाच मर्यादा लागलेली दिसली तर इनग्रेस आणि एग्रेसची अदलाबदल झाली आहे. चाचणी अनेक जोडण्या एकदम उघडूनही करावी, कारण काही मर्यादा प्रत्येक जोडणीला वेगळ्या लागतात आणि चार जोडण्या उघडणारा कार्यक्रम त्यातून चौपट वेग काढतो.

मोजमाप समाधानकारक आले तरी खरी परीक्षा गर्दीच्या वेळी होते, म्हणून पहिल्या आठवड्यात रोज एकदा त्या पोर्टवरील टाकून दिलेल्या पॅकेटांचा गणक आणि बॅकअप संपल्याची वेळ पाहावी. स्विचमध्ये चालू रचना आणि साठवलेली रचना वेगळ्या असू शकतात. सर्व ठीक दिसल्यावर ती साठवली नाही, तर पुढच्या वीजखंडानंतर मर्यादा नाहीशी होईल. शेवटी नोंदवहीत पोर्ट क्रमांक, दिशा, आकडा, बर्स्ट, तारीख आणि कारण लिहावे, आणि त्याच ओळीत मर्यादा कधी काढायची याची अटही लिहून ठेवावी, जसे की दोन स्विचमधील दुवा १० गिगाबिटचा झाला की हा नियम काढून टाकावा.